घोटा पुढील कार्यवाहीसाठी

साहेबांचा पाय मुरगळला तो खुर्चीवरून उठताना. बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. पण गोदाम विभागातल्या लोकांना आधी हेच पटेना, की साहेब उठले होते. अकरा वर्षांत त्यांना खुर्ची सोडताना पाहिलेले साक्षीदार फार थोडे. फायली त्यांच्याकडे येत, चहा त्यांच्याकडे येई, खिडकीबाहेर काही घडलं तर तेही कोणीतरी आत येऊन सांगे. त्या दिवशी मात्र मुख्यालयातून थेट अध्यक्षांचा फोन आला, आणि अध्यक्षांशी बसून बोलणं साहेबांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते उभे राहिले. साडेतीन तास पायावर पाय टाकून बसल्यामुळे डावा पाय झोपला होता. उजवा उठला, डावा उठला नाही, आणि साहेब "होय सर, होय सर" म्हणत टेबलाखाली गेले.

बातमी त्यांनी टेबलाखालूनच ऐकली. मुख्य तपासनीस निवृत्त होत होते. जागा आठ आठवड्यांनी भरायची होती, आणि या खेपेला नुसती सेवाज्येष्ठता चालणार नव्हती. मुख्य तपासनिसाला चौदा गोदामं पायी फिरावी लागतात. तेव्हा निवड समिती उमेदवाराला अर्ध्या तासात दोन किलोमीटर चालायला लावणार होती, आणि मग जिना चढून वरच्या फळीवरची नोंदवह्यांची पेटी खाली काढायला.

"तब्येत ठीक आहे ना तुमची?" अध्यक्षांनी विचारलं.

"एकदम ठणठणीत, सर," साहेब टेबलाखालून म्हणाले.

या जागेने साहेबांना आधी दोनदा हुलकावणी दिली होती. आता हुकली, तर पुन्हा रिकामी होईपर्यंत साहेबच निवृत्त झालेले असणार. त्यातून स्पर्धेला होते खालच्या मजल्यावरच्या वाहतूक विभागाचे साहेब. त्यांना सगळे 'तळमजले' म्हणत. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले होते आणि तेव्हापासून एकमेकांना पाहिलं की जिना बदलत. इमारतीला जिना एकच असल्यामुळे दोघांपैकी एक जण नेहमी कुठेतरी अडकून पडलेला असे.

फिजिओथेरपिस्ट बाई तरुण होत्या आणि त्यांना हसू येत नसे. त्यांनी साहेबांचा पाय हातात घेतला, चहूबाजूंनी दाबला, आणि साहेबांच्या तोंडून निघालेल्या आवाजांवरून निदान केलं.

"घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलंय."

"मग शिवणार का?"

"ते आपलं आपण जोडलं जातं. आता सूज आहे, तिला घाबरू नका. डागडुजीचं सामान घेऊन आलेली गाडी समजा. गाडी गेली की नवे तंतू यायला लागतात. पण ते सुरुवातीला वाटेल तसे पडतात, आडवेतिडवे, एकमेकांच्या अंगावर. त्यांच्यावर हळूहळू भार आला, की त्यांना कळतं कुठल्या दिशेने उभं राहायचं."

"आमच्याकडच्या कर्मचाऱ्यांचं अगदी असंच आहे," साहेब म्हणाले.

"भार एकदम टाकला तर पुन्हा फाटेल. आणि काहीच टाकला नाही तर जुळेल, पण आखडून. तोल जाईल, पुन्हा मुरगळेल. म्हणून व्यायाम. दिवसातून तीनदा, न चुकता." त्यांनी एक छापील तक्ता पुढे केला. टाचा उचलणे, पंधरा वेळा. पायाच्या बोटांनी फडका ओढणे, पंधरा वेळा. दुखऱ्या पायावर तोल सांभाळणे, अर्धा मिनिट. पुढे रकाने होते: दिनांक, वेळ, संख्या, सही. "हा भरून आणायचा. मी तक्ता बघून पुढचा व्यायाम ठरवते."

साहेबांनी तक्ता उलटासुलटा करून पाहिला. इतका सुबक आखलेला कागद त्यांना बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता.

घरी त्यांनी डावा पाय उशीवर ठेवला आणि तक्ता बायकोच्या हातात दिला.

"हे काय?"

"व्यायाम आहेत. दिवसातून तीनदा. तू जरा बघ."

"बघितले," बायको म्हणाली. "छान आहेत. करा आता."

"अगं, म्हणजे, हे घरच्या घरी कोणीतरी हाताळायला हवं."

"अहो, पाय तुमचा आहे. मी काय हाताळू? उद्या जेवायचा कंटाळा आला तर जेवायलाही मलाच बसवाल." तिने तक्ता उशीखाली सरकवला. साहेबांच्या लक्षात आलं, की घरात कामाची शिस्त राहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडक्लार्कबाईंना आत बोलावलं. बाईंची सत्तावीस वर्षं सेवा झाली होती, आणि त्या सत्तावीस वर्षांत त्यांनी एकही खोटी नोंद केलेली नव्हती. एकदा ऑफिसचं घड्याळ बंद पडलं होतं, तेव्हा त्यांनी हजेरीत वेळेच्या जागी 'माहीत नाही' असं लिहिलं होतं. मुख्यालयातून तीनदा पत्र आलं. बाई बधल्या नाहीत.

"हा तक्ता रोज भरायचा," साहेब म्हणाले. "अकरा, दोन आणि चार. तुम्ही भरून टाकत चला."

बाईंनी चष्मा चढवून तक्ता वाचला. "तुम्ही व्यायाम केला की मला हाक मारा. मी लगेच नोंद करते."

"मला कुठे वेळ आहे? तुम्ही नुसतं लिहा."

"न झालेल्याची नोंद मी करत नाही, साहेब. तुम्हाला माहितीये."

"मग होऊ द्या की," साहेब वैतागून म्हणाले. "कसं ते तुमचं तुम्ही बघा. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट मीच करायची का?"

त्यांनी सवयीने तक्त्याच्या कोपऱ्यात 'हे. क्ला. – पुढील कार्यवाहीसाठी' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

बाई जागेवर जाऊन बराच वेळ तक्त्याकडे बघत बसल्या. टाचा उचलल्या पाहिजेत, हे तक्त्यात स्पष्ट होतं. किती वेळा, तेही होतं. कोणाच्या, ते कुठेच नव्हतं. अकरा वाजता त्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या, चपला काढल्या, दोन कपाटांच्या मधे उभ्या राहिल्या आणि पंधरा वेळा टाचा उचलल्या. मग टेबल पुसायचा फडका पायाच्या बोटांनी ओढला. मग डाव्या पायावर अर्धा मिनिट उभ्या राहिल्या. मग रीतसर नोंद केली.

दोन आठवड्यांत तक्ता गच्च भरला. साहेबांचा पाय तोवर स्टुलावर, उशीवर आणि उशीवरच्या उशीवर विसावला होता. सूज उतरली, तसं साहेबांनी ते बाईंच्या कामाचं यश मानून त्यांना एक शेरा दिला: 'समाधानकारक.' फिजिओबाईंना मात्र समाधान नव्हतं.

"तक्ता उत्तम आहे. एकही दिवस चुकलेला नाही." त्यांनी साहेबांचा पाय वर-खाली करून पाहिला. तो बिजागरी गंजलेल्या दारासारखा हलला. "पण पोटरी बारीक झालीये. आणि घोटा इतका कडक कसा? तुम्ही हे सगळं खरंच केलंत?"

"माझ्या ऑफिसातली नोंद खोटी नसते," साहेब म्हणाले. आणि ते खरंच होतं.

"मग व्यायाम कमी पडतोय. वाढवते. आता डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं, पायरीवर चढ-उतार, आणि आठवड्याने उड्या. एका पायावर. वीस."

उड्यांमुळे प्रकरण खालच्या मजल्यावर गेलं. रेकॉर्ड रूमच्या बरोबर खाली तळमजल्यांची केबिन होती. रोज अकरा, दोन आणि चारला त्यांच्या छतावर धपाधप वीस आवाज होत आणि चुन्याची पापडी चहात पडे. तिसऱ्या दिवशी ते जिना चढून वर आले. साहेब केबिनमधून बाहेर पडत नसल्याने जिना मोकळाच होता. रेकॉर्ड रूमचं दार ढकललं, तर दोन कपाटांच्या मधे बाई पदर खोचून डाव्या पायावर उड्या मारत होत्या.

"हे काय चाललंय?"

"सतरा," बाई म्हणाल्या. "अठरा. एकोणीस. वीस. बोला साहेब."

"तुम्ही उड्या का मारताय?"

"आमच्या साहेबांचा घोटा आहे," बाईंनी घाम पुसत नोंद केली. "चौथा आठवडा."

दुसरा कोणी असता तर त्याने तिथल्या तिथे मुख्यालयाला फोन लावला असता. तळमजल्यांच्याही मनात ते आलं. पण अडकलेलं ड्रॉवर ओढताना त्यांच्या उजव्या खांद्याची शीर दुखावली होती, आणि हात कानाच्या वर जात नव्हता. त्यांच्याही खिशात एक तक्ता होता. रबरी पट्टी ओढायची, भिंतीवर बोटं चढवत न्यायची, दिवसातून तीनदा. दहा दिवस तो तक्ता खिशातच घडी घालून पडला होता. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, खांदा घेता का?"

"लेखी द्या," बाई म्हणाल्या.

त्यांनी लेखी दिलं. बाहेर आले तेव्हा कायदा अधिकारी दारात उभे होते. शिक्के मारून मारून त्यांचं कोपर धरलं होतं. दुपारी भांडार अधिकाऱ्यांची कंबर आली. बाईंनी कोणाला नाही म्हटलं नाही, कारण कागद रीतसर होते. फक्त एकटीच्याने सगळं उरकेना, म्हणून कामं वाटून दिली. कंबर टपाल विभागाकडे गेली, कोपर टंकलेखनाकडे. खांदा आणि घोटा मात्र महत्त्वाचे असल्यामुळे बाईंनी स्वतःकडे ठेवले. 'अवयव नोंदवही' नावाची एक वही उघडली आणि तिला क्रमांक दिला.

महिन्याभरात ऑफिसचा रागरंग पालटला. सकाळी अकराला टपाल विभाग जमिनीवर पालथा पडून कंबर उचलत असे. टंकलेखनाच्या बायका पाण्याची भरलेली बाटली मनगटाने वर-खाली करत. कारकुनांच्या पाठी सरळ झाल्या, जिन्यात धाप लागेनाशी झाली, आणि ज्या फायली पूर्वी कोणीतरी शोधायला जाईल म्हणून आठवडाभर थांबत, त्या आता उंच फळ्यांवरून आपोआप खाली येऊ लागल्या. अधिकारी मात्र एकेक करत आखडत चालले. कायदा अधिकाऱ्यांना पेन उचलवेना. भांडार अधिकारी वाकून बसले ते वाकूनच घरी गेले.

"फरक आहे ना?" साहेब त्यांना विचारत.

"तक्त्यावर खूप आहे," भांडार अधिकारी जमिनीकडे बघत म्हणत.

परीक्षेच्या दिवशी समितीचे तीन सदस्य आवारात झाडाखाली खुर्च्या टाकून बसले. मधे अध्यक्ष. समोर दोन्ही उमेदवारांच्या फायली, आणि फायलींना उपचारांचे तक्ते जोडलेले. अध्यक्षांनी ते पाहून भुवया उंचावल्या. "दोघांनीही भलतीच मेहनत घेतलेली दिसतेय."

साहेबांनी नवे बूट घातले होते. घोटा आता दुखत नव्हता, त्यामुळे साहेबांचा पक्का समज होता, की तो बरा झालाय. त्यांनी मान ताठ ठेवून पहिली शंभर पावलं टाकली. कर्मचारी खिडक्यांतून बघत होते. शंभर पावलांनंतर कोपऱ्यावर वळण आलं. गेल्या आठ आठवड्यांत त्यांच्या घोट्याला वळण हा प्रकार कोणी दाखवलाच नव्हता. एका बोराएवढ्या खड्यावर पाय पडला, घोटा क्षणभर डुगडुगला, काय करायचं ते त्याला आठवेना, आणि साहेब हेडलाइट बंद पडलेल्या गाडीसारखे कुंपणात शिरले.

तळमजले मात्र हसतमुखाने दोन किलोमीटर चालून आले. जिनाही चढले. मग वरच्या फळीवरच्या पेटीकडे हात नेला. हात कानापाशी आला आणि थांबला. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात ढकलून पाहिला. टाचा उंचावून पाहिल्या. शेवटी त्यांनी पेटीकडे अशा नजरेने पाहिलं, की ती लाजून आपणहून खाली येईल. पेटीला लाज नव्हती.

"हा काय प्रकार आहे?" अध्यक्षांनी तक्ते चाळले. "कागदावर तर दोघंही डोंगर चढतील. या नोंदी कोणी केल्या?"

बाई पुढे झाल्या. "मी केल्या."

"खोट्या?"

"एकही नाही. वीस उड्या लिहिल्यात तिथे वीसच मारल्यात."

"कोणी मारल्या?"

"मी. मारणाऱ्याचं नाव लिहायला रकाना नाही."

अध्यक्षांनी दुसऱ्या सदस्याकडे पाहिलं, त्याने तिसऱ्याकडे. तिसऱ्याने नियमांचं पुस्तक उघडलं. जागा संध्याकाळपर्यंत भरली नाही तर रद्द होणार होती. उमेदवार संस्थेतला असावा, सेवा किमान वीस वर्षं असावी, आणि वर सांगितलेली परीक्षा पार केलेली असावी, एवढ्याच अटी होत्या.

"बाई, तुम्ही चालून दाखवता?"

बाईंनी चपलांचे पट्टे आवळले. बावीस मिनिटांत त्या दोन किलोमीटर चालून आल्या, न थांबता जिना चढल्या, पेटी उतरवली आणि झाडाखाली आणून ठेवली. वर विचारलं, "परत नेऊन ठेवू?"

"राहू द्या. तुमचा अर्ज कुठाय?"

"अर्ज केलेला नाही."

"मग करा."

बाईंनी तिथेच अर्ज लिहिला, स्वतःच त्याला आवक क्रमांक घातला आणि समितीपुढे ठेवला. साहेब कुंपणाला टेकून हे बघत होते. आठ आठवडे ज्या खुर्चीची स्वप्नं पाहिली, ती त्यांनी रोज तीन वेळा, पंधरा पंधराच्या हप्त्यांनी दुसऱ्याला तयार करून दिली होती. आणि वर समाधानकारक असा शेराही दिला होता.

घरी बायकोने कुंपणाचे काटे काढता काढता सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे परीक्षा तुमचाच घोटा पास झाला," ती म्हणाली. "फक्त बाईंच्या पायात होता."

मुख्य तपासनीस झाल्यावर बाईंनी पहिलं काम केलं ते म्हणजे अवयव नोंदवही बंद केली आणि सगळे तक्ते 'मूळ मालकास परत' असा शेरा मारून धाडून दिले. साहेबांचा तक्ता साहेबांकडे आला. त्यांनी तो टेबलाच्या खणात ठेवला. उद्यापासून करू, असं त्यांनी सहा आठवडे ठरवलं. फिजिओबाईंनी एकदा पाय पाहिला, साहेबांना पाहिलं, आणि पहिल्या दिवसाचा कोरा तक्ता पुन्हा हातात ठेवला. तोही खणात गेला. स्वतःसाठी काम करायचं, आणि तेही कोणी वरून सांगितलेलं नसताना, ही कल्पनाच साहेबांच्या नोकरीत बसत नव्हती.

मग एके दिवशी मुख्यालयातून लखोटा आला. संस्थेच्या संचालकांचा पाय बागेत फिरताना मुरगळला होता. त्यांचा तक्ता खाली, आणखी खाली, असा होत होत मुख्य तपासनिसांच्या टेबलावर आला होता, आणि बाईंनी त्यावर आपल्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'घोट्याच्या कामाचा पूर्वानुभव असल्याने गोदाम विभागप्रमुखांकडे. गोपनीय.'

साहेबांनी घाबरून बाईंना फोन लावला. उभं राहून.

"मॅडम, हे मी विभागात कोणाला देऊ?"

"कोणालाच नाही. गोपनीय आहे," बाई म्हणाल्या. मागे गोदामातल्या ट्रकचा आवाज येत होता. "संचालकांचा पाय मुरगळलाय हे बाहेर फुटलं, तर तुमच्यावर येईल. तुम्हीच बघा. रोज तीनदा. नोंद खरी हवी."

"पण मॅडम—"

"सहा आठवड्यांची मुदत आहे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. अकरा वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, की वरून आलेलं काम साहेब एक दिवसही तुंबवत नाहीत.

अकरा वाजता साहेबांनी केबिनचं दार आतून लावलं. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलल्या. सातव्याला पोटरीत गोळा आला, पण संचालकांचं काम अर्धवट सोडणं शक्य नव्हतं. दोनला फडका ओढला. चारला डाव्या पायावर उभे राहिले, दोन सेकंद. तसं प्रामाणिकपणे लिहिलंही: 'दोन.' आठवड्याभराने ते वीस सेकंद झाले. सुट्टीच्या दिवशीही काम पडून राहू नये, म्हणून साहेब घरी न्हाणीघरात कोंडून घेऊन टाचा उचलू लागले. बायकोने दारावर थाप मारली, तर आतून उत्तर आलं, "ऑफिसचं काम आहे."

सहा आठवड्यांनी ते जिन्यावरून न धरता उतरून दवाखान्यात गेले. फिजिओबाईंनी घोटा फिरवला, दाबला, साहेबांना डोळे मिटून एका पायावर उभं केलं. साहेब खांबासारखे उभे राहिले. त्यांच्या तोंडून आवाज आला नाही; फिजिओबाईंच्याच तोंडून आला.

"इतका फरक? शेवटी केलेत वाटतं व्यायाम?"

"छे. मला कुठे वेळ होता?" साहेब डोळे मिटूनच म्हणाले. "वरून काम आलं होतं, त्यातच गुंतलो होतो. आपोआप बरा झाला."

"आणि ते वरचं काम?"

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून एक पत्र काढलं. "त्याचंच विचारायला आलोय. स्मरणपत्र आलंय. संचालकांचा पाय जसाच्या तसा आहे म्हणतात, प्रगती असमाधानकारक आहे. आमचं कुठे कमी पडतंय, कळत नाही." त्यांनी पत्राची घडी नीट केली, बूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि डावा पाय पुढे टाकला.

"उड्यांचा तक्ता द्या. शुक्रवारपर्यंत बरा करायचाय."